हेम्प लावायचंय घरी? थांबा, आधी कुठलं हेम्प ते बघू

गेल्या वर्षी मे महिन्यात भाचा हिंजवडीहून आला तो हातात एक पाकीट घेऊनच. वर मोठ्या अक्षरात हेम्प सीड्स, आत ज्वारीच्या दाण्याएवढ्या करड्या चकचकीत बिया, अंगावर बारीक नक्षी. मला म्हणे मावशी, तुझ्याकडे गच्ची आहे, ग्रो बॅगा आहेत, कंपोस्ट आहे, चार बॅगांत टाकून बघू की, प्रोटीन असतं, कापड होतं, पाणी कमी लागतं, आणि हे काही गांजा नाहीये बरं का, हे वेगळं असतं. ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी पाकीट त्याच्या हातातून काढून घेतलं, फ्रिजवर ठेवलं आणि म्हटलं आधी चहा घे, मग बोलू.

त्यानंतर हाच प्रश्न मला अजून तिघाचौघांनी विचारला. एक जण वारज्यातलीच, टेरेस गार्डनिंगवाली, एक इंजिनिअरिंगचा मुलगा चार मित्रांबरोबर फ्लॅट घेऊन राहणारा, एक रिटायर्ड काका ज्यांना वडकीजवळच्या एनए (बिनशेती) प्लॉटवर काहीतरी नवीन करायचंय. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. मी वकील नाही, पण गेली बारा-तेरा वर्षं गच्चीवर भाजी लावतेय आणि मूळची यवतमाळकडची, त्यामुळे यातल्या दोन झाडांशी लहानपणापासून ओळख आहे. कुठली दोन ते पुढे येईलच.

सगळ्यात आधी: हेम्प म्हणजे नक्की कोण?

घोळ इथूनच सुरू होतो. इंग्रजीत हेम्प हे नाव एका झाडाचं नाहीये, ज्याच्या सालीतून दोराचा धागा निघतो अशा बऱ्याच झाडांना साहेबाने हेम्पच म्हणून टाकलं. आपल्याकडे त्यातली तीन महत्त्वाची.

एक म्हणजे खरं हेम्प, कॅनाबिस सटायव्हा. भांग, गांजा, चरस हे सगळं याच झाडाचं. हेम्प म्हणजे याच झाडाचे असे वाण ज्यांच्यात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, अगदी कमी असतो, बऱ्याच देशांत ही मर्यादा ०.३ टक्के धरतात. पण झाड तेच. ही रेष माणसाने आखलेली आहे आणि ती लॅबमध्ये टेस्ट केल्यावरच कळते, पानाकडे बघून मीही सांगू शकत नाही, तुम्हीही नाही आणि दारात उभा राहिलेला हवालदार तर मुळीच नाही.

दुसरं सन हेम्प, म्हणजे आपला ताग, काही भागांत याला बोरू म्हणतात. पिवळ्या फुलांचं, शेंगवर्गीय, शेतकरी हिरवळीचं खत म्हणून पेरतात ते. कॅनाबिसशी याचं काडीचंही नातं नाही. आणि हो, पोत्याचा जो ताग तो परत वेगळा, ते ज्यूट, बंगालकडचं. मराठीत दोघांनाही ताग म्हणतात म्हणून दुकानात गेल्यावर हिरवळीच्या खताचा ताग द्या असंच सांगा. (ताकास तूर लागू न देणे ही म्हण मुळात तागास तूर अशी होती असं कुणी कुणी सांगतात, खरंखोटं देव जाणे, पण ताग आणि तूर ही दोन्ही शेतातलीच, त्यामुळे मला ते पटतं.)

तिसरं डेक्कन हेम्प. नावातच दख्खन. हे म्हणजे आपली अंबाडी! भाजीची, भाकरीबरोबर खायची, बैलाच्या दाव्याची अंबाडी. भेंडी, जास्वंदीच्या घराण्यातली.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला अंबाडी इज हेम्प? मग आपण इतकी वर्षं हेम्प खातोय? म्हटलं तसं नाही रे बाबा, पण जवळपास.

आता कायदा, कंटाळवाणा आहे पण वाचाच

कॅनाबिसच्या बाबतीत देशभर लागू असलेला कायदा म्हणजे १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा. कलम ८ सांगतं की कॅनाबिसचं कुठलंही झाड लावायचं नाही, अपवाद फक्त वैद्यकीय-वैज्ञानिक कामाचा आणि तोही सरकारी परवानगीने. आणि कॅनाबिसचं झाड म्हणजे काय, तर कॅनाबिस या प्रजातीतलं (जीनसमधलं) कुठलंही झाड, अशी व्याख्या आहे. कमी टीएचसीवालं सोडून, हेम्प सोडून, असं काही त्या व्याख्येत लिहिलेलं नाही. कलम २० मध्ये लागवडीची शिक्षा आहे, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड.

कलम १४ म्हणून एक आहे, त्यात फायबर किंवा बियांसाठी लागवडीला सरकार आदेश काढून परवानगी देऊ शकतं. इथे लोक उड्या मारतात की बघा परवानगी आहे. परवानगी *देता येते* असं लिहिलंय हो, दिली आहे असं नाही. महाराष्ट्रात तुम्ही-आम्ही उठून अर्ज केला आणि बाल्कनीत हेम्प लावायचा परवाना हातात पडला अशी सोय नाही. त्यामुळे पुण्यात घरी खरं हेम्प लावण्याआधी काय विचार करायचा याचं उत्तर एका ओळीत आहे, लावू नका. बाकीचा लेख मग कशाला, तर लोकांच्या डोक्यात ज्या पळवाटा असतात त्या एकेक करून बंद करते आणि मग लावण्यासारखं काय आहे ते सांगते.

"पण मी ऐकलंय की..."

*एक किलोपर्यंत चालतं ना?* नाही चालत. गांजाची एक किलो ही छोटी मात्रा आणि वीस किलो ही व्यापारी मात्रा, हे आकडे शिक्षा किती द्यायची ते ठरवायला आहेत, परवानगी म्हणून नाहीत. छोट्या मात्रेलाही एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि मुख्य म्हणजे हे वजनाचं गणित बाळगण्याला लागू, लागवडीच्या पोटकलमात किती झाडं, किती ग्रॅम असलं काही नाहीच. एक कुंडी म्हणजे पण लागवडच.

*भांग तर शिवरात्रीला पितात की लोक.* पितात. कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे येतात, नुसती पानं आणि बिया शेंड्यांशिवाय असतील तर त्यात येत नाहीत, म्हणून भांगेचं प्रकरण वेगळं. पण त्याने झाड लावायची मुभा मिळत नाही, आणि महाराष्ट्रात भांगेवरसुद्धा १९४९ च्या दारूबंदी कायद्याचं नियंत्रण आहेच. म्हणजे मी फक्त पानं तोडणार होते हा बचाव कुंडीशेजारी उभं राहून करता येईल असं मला तरी वाटत नाही.

*माझ्याकडे लो-टीएचसीचं सर्टिफिकेट असलेलं बी आहे.* असेल. वर व्याख्या सांगितली, ती परत वाचा. शिवाय बियाचा कागद आणि उगवलेलं झाड यात पण फरक पडू शकतो, हेम्पचं वाण शुद्ध राहायचं तर आजूबाजूला दुसरं परागण होता कामा नये, हे वाऱ्यावर परागण होणारं झाड आहे आणि नर-मादी झाडं बहुतेक वेगवेगळी असतात.

*मी भाड्याने राहतो, घर माझं नाही.* मग घरमालकाला पण गोत्यात आणाल. आपल्या जागेत असलं काही चालू आहे हे माहीत असून चालू देणाऱ्यावर वेगळं कलम आहे, २५ नंबरचं. आणि जमीन असेल, वडकीच्या काकांसारखी, आणि त्यात कुणीतरी गुपचूप लावलेलं दिसलं, तर पोलिसांना किंवा संबंधित अधिकाऱ्याला कळवणं ही जमीनधारकाची जबाबदारी आहे, कलम ४६. मोकळ्या प्लॉटवर महिनोन्‌महिने न फिरकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, कापसात, तुरीत, उसात मधोमध झाडं लावल्याच्या केसेस आपल्या राज्यात नव्या नाहीत.

एवढं बोलून झाल्यावर भाचा गप्प झाला होता. मग हळूच म्हणाला, म्हणजे उत्तराखंडला जायचं का?

उत्तराखंडचं काय आहे

खरंच तिकडे आहे. औद्योगिक हेम्पच्या लागवडीला परवाने देणारं उत्तराखंड हे पहिलं राज्य, २०१८ पासून. तिथेही ०.३ टक्क्यांची मर्यादा, जमिनीचे कागद, प्रशासनाची परवानगी, तपासणी, सगळं आहे. म्हणजे तिकडेसुद्धा ही शेती आहे, कुंडीतला छंद नाही. हिमाचलने २०२५ च्या जानेवारीत पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांमार्फत अभ्यास म्हणून लागवडीला मंजुरी दिली. तिकडच्या डोंगरात हे झाड मुळातच रानात उगवतं, कुमाऊं-गढवालमध्ये त्याच्या धाग्याचं कापड आणि बियांची चटणी ही जुनी रीत आहे. पण तिथला परवाना तिथल्या जमिनीला, तो कागद घेऊन पुण्यात यायचं नाही.

आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी घरच्या चार झाडांतून कापडबिपड काही होत नाही. धाग्यासाठी हेम्प दाट पेरतात, एकरांनी पेरतात, मग काड्या कुजवायच्या, साल वेगळी करायची, मग पिंजायची, मग कातायची. कुंडीतल्या झाडातून रुमाल पण निघणार नाही. हे कुणी सांगत नाही, रीलमध्ये डायरेक्ट टी-शर्ट दाखवतात.

मग त्या पाकिटाचं काय केलं

खाल्लं. हे कायदेशीर आहे. हेम्पच्या बिया, बियांचं तेल आणि पीठ हे अन्न म्हणून विकायला एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, नोव्हेंबर २०२१ मध्ये मान्यता दिली, टीएचसीची कमाल मर्यादा घालून, बियांत किलोला ५ मिलिग्रॅम आणि तेलात १० मिलिग्रॅम. त्यामुळे पाकीट घेताना परवाना नंबर बघा, तो नसलेलं कुणीतरी कुरिअरने पाठवतंय असलं काही घेऊ नका. सोललेल्या बिया मिळतात त्या मऊसर पांढरट असतात, त्यात शंभर ग्रॅमला तीस ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. सालासकट मिळतात त्या कुरकुरीत.

आम्ही तव्यावर मंद भाजल्या, तडतडायला लागल्या की गॅस बंद, मग जिरं, लाल मिरची, मीठ, लिंबू आणि पाटा, कुमाऊंकडे अशीच करतात. चव बरी होती. माझं प्रामाणिक मत विचाराल तर कारळ्याची चटणी याच्या दसपट चांगली आणि खिशालाही परवडते, जवस आहे, तीळ आहे, पण आता भाच्याला प्रोटीन हवंच असेल तर घे बाबा. फक्त हे बी *पेरण्यासाठी* नाही. सालासकटचं बी असेल तर उगवूही शकतं, म्हणून सांगते, गंमत म्हणून मोड आणायला ठेवू नका आणि किचनच्या कंपोस्टमध्येही टाकू नका, भाजून मगच टाका.

आता लावू काय? अंबाडी लावा

इथून पुढे खरा मार्गदर्शक. तुम्हाला हेम्पचं नेमकं काय आवडलं होतं ते आठवा. उंच, भराभर वाढणारं, कमी लाडाचं, धागा देणारं, खाता येणारं. हे सगळं अंबाडीत आहे.

बी कुठून आणायचं तर मार्केट यार्डाच्या बाजूला किंवा कुठल्याही कृषी सेवा केंद्रात विचारा, भाजीपाल्याच्या बियांत मिळतं. दोन प्रकार आहेत, एक धाग्याची अंबाडी जिचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस, आणि एक लाल अंबाडी, हिबिस्कस सबदरिफा, जिच्या फुलाखालच्या लाल मांसल आवरणाचं (निदलांचं) सरबत आणि जॅम होतं. भाजीसाठी दोन्ही चालतात, लाल जास्त आंबट. पहिल्यांदा लावताय तर दोन्ही लावा, बी काही सोन्याचं नाही.

वेळ. नुसती भाजी हवी असेल तर फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत कधीही. पण उंच वाढवून धागा काढून बघायचा असेल तर जूनमध्ये, पुण्यात साधारण दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो त्याच्या आगेमागे. कारण ही झाडं दिवस लहान होण्यावर फुलतात, तुम्ही सप्टेंबरात लावलीत तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलायच्या मागे लागणार आणि गुडघाभर राहणार. माझं एक वर्ष असंच गेलं, गणपती झाल्यावर पेरलं, दीड फुटाला फुलं.

बॅग बारा बाय बारा इंचाची किमान, पंधराची असेल तर उत्तम. माती, कंपोस्ट आणि कोकोपीट असं साधारण दोनास एकास एक. नुसती काळी माती भरू नका, पुण्याच्या जुलैत तिचा चिखल होतो आणि मुळं गुदमरतात. आणि गच्चीवर ठेवण्याआधी वजनाचा विचार करा, बारा इंची बॅग भिजली की पंचवीस-तीस किलो सहज, त्या बीमच्या रेषेवर किंवा कठड्यालगत ठेवा, मधोमध वीस बॅगांचा कळप नको. खाली विटा किंवा स्टँड, वॉटरप्रूफिंगवर डायरेक्ट नाही. सोसायटीला आधी तोंडी नाही, लेखी विचारा. का ते सांगतेच.

बी रात्रभर भिजवा, सकाळी अर्धा इंच खोल पेरा, चार-सहा दिवसांत वर येतं. भाजीसाठी दाट चालतं, महिन्याभरात शेंडे खुडायला लागा, खुडलं की फुटवे फुटतात. धाग्यासाठी उलटं, अजिबात खुडायचं नाही, एका बॅगेत तीन-चार झाडं जवळजवळ ठेवायची म्हणजे फांद्या न फुटता सरळ वर जातात. माझी आठ फुटाला गेली होती. पुण्यात जुलैचं वारं गच्चीवर काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे, बांबूचा आधार द्या. ऊन पाच-सहा तास तरी. कीड म्हणाल तर पावसाळा उघडल्यावर पिठ्या ढेकूण, पांढरा कापूस चिकटल्यासारखा खोडावर दिसतो, जास्वंदीवर येतो तोच. टूथब्रश आणि साबणाचं पाणी, बस, मोठा फवारा नको कारण पानं खायची आहेत.

भाजी कशी करायची हे पुण्यात सांगावं लागतं. पानं उकडायची, पाणी पिळून टाकायचं, तूरडाळ आणि ज्वारीच्या नाहीतर तांदळाच्या कण्या, शेंगदाणे, किंचित गूळ, घोटायचं, आणि ताटात वाढल्यावर वरून लसणाची कडकडीत फोडणी, लसूण लाल झालेला पाहिजे. कल्हई नसलेल्या पितळेत शिजवू नका, आंबट आहे.

आणि आता सोसायटीची गोष्ट

अंबाडीच्या शास्त्रीय नावातलं कॅनाबिनस म्हणजे कॅनाबिससारखी. उगाच नाही ठेवलेलं. खालची पानं साधी, बदामाच्या आकाराची असतात, पण झाड कमरेएवढं झालं की वरची पानं बोटांसारखी फाकतात, पाच-पाच, सात-सात बोटं, कडेला करवतीचे दात. लांबून बघितलं तर कुणालाही वाटेल ते वाटतं.

ऑगस्टात एका रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडला, माझ्याच बॅगांचा, झूम केलेला, खाली एवढंच, "टेरेसवर हे काय चालू आहे? संबंधितांनी खुलासा करावा." दहा मिनिटांत चौदा मेसेज. एकाने गूगलचा फोटो शेजारी चिकटवून लाल गोल काढला. अर्ध्या तासाने चेअरमन, सेक्रेटरी आणि तिसऱ्या मजल्यावरचे ज्यांनी फोटो टाकला ते काका, असे तिघे वर. मी काही न बोलता शेंड्याची दोन पानं खुडली, एक स्वतः तोंडात टाकलं आणि एक काकांपुढे धरलं. काका मागे सरले. म्हटलं घ्या हो, चावा. त्यांनी टोक चावलं, तोंड वाकडं झालं, मग परत चावलं, आणि म्हणाले, "अहो, ही तर आमची अंबाडी!" मूळ गाव उस्मानाबादकडचं, म्हणजे आताचं धाराशिव. खुलासा त्यांनीच ग्रुपवर टाकला, जाताना जुडी घेऊन गेले.

तर ओळखायचं कसं ते लिहून ठेवते, शेजाऱ्यांना दाखवायला उपयोगी पडेल. अंबाडीचं पान हे एकच पान असतं, कापलेलं, बोटं तळाशी जोडलेली. कॅनाबिसमध्ये प्रत्येक बोट ही वेगळी पर्णिका असते, सगळ्या एका बिंदूतून निघालेल्या. अंबाडीच्या खोडावर बारीक काटे असतात, हात फिरवला की कळतं. फूल आलं की प्रश्नच मिटतो, फिकट पिवळं, भेंडीसारखं, मधे गडद किरमिजी डोळा. आणि चव आंबट, पण ज्याची खात्री नाही ते पान चावून बघायचा प्रयोग करू नका, मला माहीत होतं मी काय पेरलंय. पावसाळ्यात रिकाम्या जागी तिळवण उगवते तिचीही पानं अशीच पंजासारखी दिसतात, तिच्यावरूनही लोक घाबरतात. बियांच्या पाकिटाचं कव्हर आणि बिल जपून ठेवा, मी आता बॅगेवर पाटीच लावते, अंबाडी, भाजीची.

ताग: खाण्यासाठी नाही, मातीसाठी

जुन्या बॅगांची माती थकली असेल तर ताग पेरा. कृषी सेवा केंद्रात जाऊन पावशेर द्या म्हटलं तर दुकानदार वर बघतो, कारण शेतात हेक्टरी पन्नास-साठ किलो पेरतात हो, पण देतो. बारा इंची बॅगेला पंधरा-वीस बिया पुष्कळ. भिजवायचं नाही, पहिला चांगला पाऊस पडला की टाकायचं, तीन-चार दिवसांत वर.

खत घालायचं नाही, कारण तोच खत करतो. महिन्याभराने एक रोप मुळासकट हळूच उपटून बघा, मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील, एक नखाने फोडा, आत गुलाबी रंग दिसला की समजायचं नत्राचं काम चालू आहे. भाच्याला हे दाखवलं तेव्हा तो पहिल्यांदा खरा खूश झाला, दहा मिनिटं गाठी फोडत बसला होता.

पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी पहिल्या पिवळ्या कळ्या दिसायला लागल्या की कापा. यात कुचराई करू नका, किती छान फुललंय म्हणून आठवडाभर ठेवलं की खोड लाकडासारखं होतं आणि कुजायला महिने घेतं, मी ठेवलं होतं म्हणून सांगते. दोन-तीन इंचाचे तुकडे, त्याच बॅगेत मिसळायचे, वरून मातीचा थर, ओल ठेवायची. पंधरा-वीस दिवस काही लावायचं नाही, आत गरमी असते. मग मेथी, टोमॅटो, काय हवं ते. यावर पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके असलेला एक सुंदर पतंग येतो आणि त्याच्या केसाळ अळ्या पानं-शेंगा खातात, हाताने वेचा.

एक सूचना गंभीर आहे. तागाच्या बिया विषारी असतात, लिव्हरला घातक. शेंगा धरूच द्यायच्या नाहीत, घरात लहान मूल असेल तर वाळक्या शेंगा खुळखुळ्यासारख्या वाजतात, त्याला खेळणं वाटेल.

दोर काढून बघायचाच असेल तर

अंबाडी फुलायला लागली की बुडातून कापा, दोन-तीन दिवस उभी करून ठेवा म्हणजे पानं गळतील, मग काड्यांची मोळी बांधून पाण्यात बुडवायची, वर दगड. आम्ही जुन्या निळ्या ड्रममध्ये ठेवली. ऑक्टोबरच्या उन्हात दहा-बारा दिवस लागले, थंडीत जास्त लागतात. आठव्या दिवसापासून रोज एक काडी काढून बघायची, साल बोटाने सरसर निघाली की झालं, त्यापुढे ठेवलं तर धागा पण कुजतो.

वास येतो. म्हणजे येतोच. शेवटचे चार दिवस कुणी पाहुणे बोलवू नका. आणि ड्रम उघडा ठेवायचा नाही हे सगळ्यात महत्त्वाचं, साठलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या सापडल्या तर महापालिका नोटीस देते, दंडही करते, आणि नोटीस राहू दे, डेंगू पहिला आपल्यालाच होणार. तोंडाला मच्छरदाणीचं कापड ताणून दोरीने आवळायचं, फट नाही ठेवायची. कुजलेलं पाणी पातळ करून झाडांना घालता येतं, ड्रेनेजमध्ये ओतलं तर खालच्या मजल्याचा फोन येतो.

मग साल सोडवायची, मोगरीने हलकं बडवायचं, स्वच्छ पाण्यात खळबळायचं, तारेवर वाळत घालायचं. वाळला की फिकट सोनेरी वाख, म्हणजे दोर वळायचा मोकळा धागा, हातात येतो, तो बघून मला माझ्या आजोबांची मांडी आठवली, उघड्या मांडीवर वाख वळून ते पोळ्याआधी बैलांना नवी दावी करायचे. आम्हाला अकरा झाडांतून दीड हात दोरी झाली. भाच्याने वळली, यूट्यूब बघून, उलटा पीळ पडला म्हणून दोनदा उसवली. आता ती गच्चीच्या दाराच्या कडीला आहे.

दोन झाडं मात्र बियांसाठी कापायची नाहीत, जानेवारीपर्यंत बोंडं वाळू द्यायची. ती काढताना कापडी हातमोजे घालू नका, बोंडांवरची कुसं त्यातच रुतून बसतात आणि दोन दिवस खाजवत राहता, रबरी घाला आणि बोंडं पिशवीतच फोडा.